कोपऱ्यावरचा प्लॉट

शांतिलालशेठनी नारळ फोडला, इराप्पा गवंड्यानं पहारीचा एक घाव घातला, आणि दोघेही जमिनीत गेले.

आवाज फार मोठा झाला नाही. फरशी तुटल्यासारखा कट्ट झाला, आणि मग खोल खालून पाण्याचा. मी शेजारच्या प्लॉटवर विटांच्या ढिगावर बसले होते. शेठ दाजीबानपेठेतले कापडवाले, अंगानं भारी, पूजेसाठी पांढरा सदरा घालून आलेले. माझ्या डोळ्यांपुढून पांढरं काहीतरी खाली सरकलं, एवढंच मला दिसलं. ते उभे होते तिथे भोक होतं. भोकाच्या अलीकडे पूजेचं ताट जसंच्या तसं, आणि उदबत्ती जळत होती.

आजूबाजूच्या बांधकामावरची माणसं धावली. अशा वेळी माणूस भोकाकडेच धावतो. पण त्यांच्या आडवी सुनंदा आली. शेजारच्या प्लॉटवर तिचं घर चाललं होतं. साडी खोचलेली, भिंतीला पाणी मारून हात ओले. तिनं दोन्ही हात पसरले आणि म्हणाली, "मागं व्हा. खाली विहीर आहे. कडेला पोकळ आहे. आणखी एक जण गेला तर काढायचं कुणी?"

ती ओरडली नाही. म्हणून सगळे थांबले.

दिवाळी अंकवाल्यांनी मला सांगितलं होतं, की जमिनीत नव्यानं पैसे घालणाऱ्यांना चार उपयोगाच्या गोष्टी सांगा, मावशी, तुमचा एवढा अनुभव आहे. सांगते. पण मला शिकवता येत नाही. मी चौथी शिकले. मला घडलेलं सांगता येतं, आणि या धंद्यात नव्या माणसानं कसं वागावं हे मी जिच्याकडे बोट करून सांगू शकते अशी एकच बाई मला भेटली, ती ही सुनंदा. म्हणून तिच्यापासून सुरू केलं.

आधी माझा धंदा सांगते. विकणाऱ्याला घेणारा पाहिजे असतो आणि घेणाऱ्याला विकणारा. दोघांचाही एकमेकांवर विश्वास नसतो. त्या दोघांच्या मधल्या जागेत मी उभी राहते आणि उभं राहण्याचे पैसे दोन्हीकडून घेते. लोक दलाल म्हणतात, मुलं एजंट म्हणतात. मला दोन्ही चालतं.

मी यात शिरले ती साड्यांमुळे. जुन्या हुबळीतून साड्यांचं गाठोडं घेऊन मी केशवापुरात दारोदार फिरायचे. साडी बाई दारात उभ्यानं घेत नाही, आत बोलावते, चटई टाकते. आत बसलं की घर कळतं. सासू-सुनेचं बोलणं तुटलंय, म्हणजे वर्षाच्या आत भाड्याची खोली लागणार. मुलगा बेंगळूरला गेला आणि सणालाही येईना, म्हणजे हे घर कधीतरी विकायला निघणार. एकदा एका बाईनं विचारलं, मावशी, कुठं दोन खोल्या आहेत का हो? मी सांगितल्या. दोन्ही घरांनी मला काहीतरी दिलं. गाठोडं वाहण्यापेक्षा हे हलकं होतं. हळूहळू साड्या सुटल्या.

आता नव्या माणसांसाठी. जमीन उन्हाळ्यात बघू नका. उन्हाळ्यात सगळेच प्लॉट चांगले दिसतात, जसे मांडवात सगळेच जावई. आमच्या हुबळीची माती काळी. ऊन लागलं की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाऊस लागला की ती फुगते. वरचं घर ती उचलते आणि सोडते. धारवाडच्या बाजूला तांबडी माती लागते, तिथला हिशेब वेगळा. म्हणून मी गिऱ्हाइकाला पावसात नेते, चप्पल काढायला लावते आणि प्लॉटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवते. पाय कुठं रुतला, पाणी कुठं साचलं, वरच्या शेतातून ओढा कुठून येतो, हे पायाला कळतं. काही जण रागावून परत गेले. जाऊ देत.

दुसरं, पाण्याचं विचारा. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून प्रत्येक घराला जमिनीत टाकी खणावी लागते, तिला आम्ही संप म्हणतो. पाणी किती दिवसांनी येतं हे शेताचे प्लॉट करून लेआउट पाडणाऱ्या माणसाला विचारू नका. त्या गल्लीत भांडी घासायला येणाऱ्या बाईला विचारा. तिला खोटं बोलून काही मिळत नाही.

कागद वकिलाला दाखवा, आणि वकील तुमचा असू द्या, विकणाऱ्यानं दिलेला नको. शेतजमीन घरासाठी रीतसर बदलून घेतली आहे का, एवढं तर विचाराच. तशी न बदलता तुकडे पाडून स्वस्तात देणारे पुष्कळ आहेत. स्वस्त का आहे ते तुम्हाला घर बांधायच्या दिवशी कळतं. मेहुण्याबरोबर, साडूबरोबर भागीत घेऊ नका. जमीन वाटता येते, बोलणं वाटता येत नाही.

आणि घेतलेल्या जागेवर जात राहा. आमचे एक मास्तर होते. प्लॉट घेतला, कागद कपाटात ठेवला आणि निवृत्त होईपर्यंत तिकडे फिरकले नाहीत. नंतर मला घेऊन गेले तर प्लॉट सापडेना. सगळीकडे जोंधळा उभा. जुना शेतकरी आपला दरवर्षी पेरत होता. मास्तर आले म्हटल्यावर त्यानं आनंदानं बसवून घेतलं, चहा केला आणि निघताना त्यांच्याच प्लॉटवरच्या कणसांचा भारा त्यांच्या काखेत दिला. "तुमची जमीन चांगली आहे, सर," म्हणाला. मास्तर 'थँक्यू' म्हणाले. त्यांचं काम पुढे मिटलं, पण फार चपला झिजल्या.

एकजण होकायंत्र घेऊन यायचे. दार या दिशेला, चूल त्या दिशेला, पाणी ईशान्येला. केशवापुरातलं एकही घर त्यांना पटलं नाही, कारण ज्या घराची दिशा बरोबर त्याची किंमत चूक असायची. अजून भाड्यानं राहतात. पण त्यांना हसू नका. पाणी ईशान्येच्या कोपऱ्यात असावं हे आमच्याकडे सगळेच मानतात. गवंडी न विचारता संप तिथेच आखतो. या गोष्टीतही तेच झालं.

सुनंदा माझ्याकडे आली तेव्हा एका दवाखान्यात आयाचं काम करत होती. रोग्यांना उचलायचं, पुसायचं, रात्रपाळ्या करायच्या, त्यातच तिचं वय गेलं होतं. नवरा रेल्वेच्या कारखान्यात होता, तो गेला. माहेर बेळगावकडचं, घरात बुद्धवंदना. मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे, म्हणून त्यांच्यात राहायचं नाही, असं ती म्हणाली. चांगल्या माणसांना ओझं होऊ नये. छोटा प्लॉट घ्यायचा, खाली आपण राहायचं, वर दोन खोल्या दवाखान्यातल्या नर्सबायांना भाड्यानं द्यायच्या. काम सुटल्यावर त्या भाड्यावर जगायचं. जमिनीत पैसे घालायचं यापेक्षा शहाणं कारण मी ऐकलेलं नाही. बाकीचे सगळे मला सांगतात की इथून विमानतळ जवळ होणार आहे.

तिनं पहिलाच प्रश्न मला केला. "मावशी, यात तुम्हाला काय मिळणार?"

मी सांगितलं.

"मग विकणाऱ्याकडूनही तेवढंच घेणार. म्हणजे प्लॉट वाईट असला तरी तुमचं चालणार."

"चालणार की."

"मग मी तुमचं ऐकणार, पण एकटं तुमचं ऐकणार नाही. राग येईल का?"

मला राग आला नाही. मला ती आवडली. मग ती प्रत्येक सुट्टीच्या दिवशी यायला लागली. मी दाखवायचे आणि ती पाच जणांना विचारायची. पानपट्टीवाला, दूधवाला, शेजारच्या घरातली म्हातारी. दवाखान्यात काम करून तिला एक सवय लागलेली होती. दुखतंय का, असं ती विचारत नसे. कुठं दुखतं, असं विचारायची. लेआउटच्या गल्लीत उभी राहून म्हणायची, "इथं तुम्हाला त्रास कशाचा आहे?" माणूस सांगत सुटतो. तीस-बत्तीस वर्षं मी 'इथं बरं आहे का हो?' असं विचारत आले. त्याला सगळे 'हो' म्हणतात.

हुबळी-धारवाड रस्त्यापासून आत एक नवा लेआउट पडला होता. कागद स्वच्छ, माती बरी, पाऊस सुरू झालेला. त्यातला कोपऱ्यावरचा प्लॉट मी तिला दाखवला. दोन बाजूंनी रस्ता, किंमत थोडी जास्त पण पुढे विकायला सोपा. मी अजूनही नव्या माणसाला कोपऱ्याचा प्लॉट घ्या म्हणून सांगते. त्या दिवशी अमावास्या होती. आम्ही उभ्या असताना काठी टेकत एक म्हातारी आली. ही बसव्वा, ज्या शेतावर लेआउट पडला त्या शेतकऱ्याची आई. प्लॉटच्या ईशान्येच्या कोपऱ्यात बसली, मातीवर हळदकुंकू वाहिलं, दोन फुलं ठेवली.

लेआउटचा माणूस बरोबर होता, त्यानं हात जोडले. मीही जोडले. देवीची जागा म्हणजे प्लॉटला मान, असं तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात किंमत चढल्याचं मला ऐकू आलं. सुनंदानं हात जोडले नाहीत. तिच्या घरी ते नाही. पण ती हसलीही नाही. ती म्हातारीशेजारी मातीत बसली आणि कन्नडमध्ये विचारलं, "अज्जी, इथं कोण आहे?"

"गंगव्वा."

गंगव्वा म्हणजे पाण्याची देवी. आम्ही दोघांनी इथपर्यंत ऐकलं आणि आम्हाला पुरलं. सुनंदाला पुरलं नाही.

"पाणी किती खोल आहे, अज्जी?"

मग म्हातारी बोलायला लागली. इथं त्यांची विहीर होती. जमीन विकली तेव्हा मुलाला सांगण्यात आलं, की विहीर माती घालून बुजवून द्या. बसव्वा विहिरीच्या काठावर जाऊन बसली. जिनं चार पिढ्यांना पाणी पाजलं तिच्या तोंडात माती कोंबायची? घालायची तर माझ्यावर घाला. आमच्याकडे विहीर बुजवणं पाप, असं सगळेच म्हणतात, पण म्हणतात तसं कुणी वागत नाही असं आपण धरून चालतो. बसव्वाच्या मुलाला आईपुढे चाललं नाही. त्यानं विहिरीच्या तोंडावर दगडाच्या लांब फरशा टाकल्या, वर माती ओढली आणि बुजवली म्हणून सांगितलं. आत सगळं जसं होतं तसं. गंगव्वाचा श्वास चालू आहे, म्हातारी म्हणाली, अगदी समाधानानं.

सुनंदानं तिला उठवलं, हाताला धरलं आणि म्हणाली, मला कड दाखव. म्हातारीनं काठीनं मातीत गोल ओढत कड दाखवली. उतरायचे दगड कुठल्या बाजूला होते, तेही सुनंदानं विचारलं. सूर्य उगवतो त्या बाजूला, भिंतीतून पुढे आलेले दगड, घागर घेऊन मी त्यावरूनच उतरायची, म्हातारी म्हणाली. लेआउटचा माणूस तोवर फोनवर बोलत लांब गेला होता.

विहीर पूर्ण कोपऱ्याच्याच प्लॉटमध्ये आहे आणि कड आपल्यापासून लांब आहे याची खात्री करून सुनंदानं कोपऱ्याच्या लगतचा आतला प्लॉट घेतला. लेआउटच्या माणसाला तिनं तोंडावर सांगितलं. त्यानं बघतो म्हटलं आणि थोड्याच दिवसांत कोपरा शांतिलालशेठना विकला. तो व्यवहार माझ्या हातून झाला नाही. सुनंदाला कळलं तशी ती कामावरून सुटून सरळ दाजीबानपेठेत शेठच्या दुकानात गेली. मी बरोबर होते. शेठ सज्जन माणूस. तिला गादीवर बसवलं, चहा मागवला आणि तिच्या समोरच लेआउटच्या माणसाला फोन लावला. तळापासून वरपर्यंत भरून घेतली आहे, असं त्यानं शपथेवर सांगितलं. शेठनी फोन ठेवला.

"बाई, तुमचं काही काम नसताना तुम्ही सांगायला आलात. हे फार आहे. पण देवीची जागा, आणि तीही ईशान्येला. तिथं पाणी ठेवायचं नाही तर कुठं ठेवायचं?"

"ठेवा की, शेठ. पण आधी लांबून खणून बघा."

बघतो, म्हणाले. त्यांना तसं करायचंही होतं असं मला वाटतं. पण संपाची पूजा मुहूर्तावर असते आणि खणून बघायचं काम गवंड्यावर असतं.

गवंडी दोघांचा एकच, इराप्पा. सुनंदाच्या भिंती चढवत होता आणि त्या दिवशी सकाळी त्यानं शेठचा संप आखला. सुनंदानं त्यालाही विहिरीचं सांगितलं होतं, आणि तो सावध होता. मजुरांना त्यानं बाजूला ठेवलं, स्वतः हळू खणत गेला. कंबरेइतकं खणल्यावर पहार दगडावर वाजली. त्यानं माती बाजूला केली तर सलग दगड. त्याचा चेहरा उजळला. इकडे बघून ओरडला, "अक्का, कुठाय तुमची विहीर? हा बघा खडक. शेठचं नशीब, पाया फुकट मिळाला."

शेठ खाली उतरले, दगडावर उभे राहिले, नारळ घेतला. खडकावर उभं राहायला कुणाला भीती वाटते?

सुनंदा भिंतीला पाणी मारत होती. तिनं पाइप टाकला आणि तिकडे निघाली. नंतर मी तिला विचारलं तेव्हा म्हणाली, माझा पाया त्याच इराप्पानं त्याच्या डोक्याइतका खोल खणला होता, तिथं सगळी काळी माती. लगतच्या प्लॉटमध्ये एवढ्या वर खडक कुठून येईल? तिला हे कळलं, पण ती अर्ध्या वाटेवर असतानाच पहार पडली.

मी फायर ब्रिगेडला फोन लावला. पत्ता सांगायला लागले तेव्हा लक्षात आलं की त्या रस्त्याला नावच नाही, आणि रस्ता म्हणजे नुसता आखलेला चिखल. नव्या माणसानं हेही बघावं, आपल्या दारापर्यंत मोठी गाडी येते का. गाडी वळणावरच रुतली. माणसं दोर आणि शिडी खांद्यावर घेऊन चिखलातून चालत येत होती. तोवर जे करायचं ते आमच्यातल्याच कुणीतरी करायचं होतं.

सुनंदानं आपल्या स्लॅबसाठी आणलेल्या लाकडी फळ्या उचलायला लावल्या. म्हातारीनं काठीनं दाखवलेली कड तिच्या डोक्यात होती. त्या कडेवर आडव्या फळ्या टाकल्या, म्हणजे वजन एका जागी पडणार नाही. मग ती एकटी फळ्यांवर पालथी झाली आणि सरकत भोकाच्या तोंडाशी गेली. मी म्हटलं, तू नको, एखादा तरणा पोरगा जाऊ दे. ती म्हणाली, तरणा पोरगा घाबरला तर उठून पळतो. मी पळू शकत नाही, माझे गुडघे गेलेत.

खालून इराप्पाचा आवाज आला. पाणी गळ्यापर्यंत, पाय टेकत नव्हते. त्याला पोहता येत होतं, शेठना येत नव्हतं. शेठच्या डोक्याला मार लागला होता, ते बोलत नव्हते. इराप्पानं एका हातानं त्यांची मान धरली होती आणि दुसऱ्या हातानं पाणी मारत होता. खांद्यात काहीतरी झालंय, म्हणाला. फार वेळ जमणार नाही.

"इराप्पा, भिंतीतनं दगड पुढं आलेत. पूर्वेच्या बाजूला. त्यावर शेठला टेकव."

"पूर्व कुठाय, अक्का? इथं काही दिसत नाही."

तिनं आम्हाला हातानं खूण केली. आम्ही फळ्या उचलून भोकाला वळसा घातला आणि पलीकडे, सूर्याच्या बाजूला टाकल्या. ती पुन्हा पालथी झाली आणि तोंड आत घातलं.

"माझा आवाज येतोय तीच पूर्व. मी बोलत राहते, तू ये."

आणि ती बोलत राहिली. काय बोलली ते सगळं मला आठवत नाही. तुझी बायको मला भाकरी देते त्यात मीठ नसतं, असं म्हणाली. माझ्या खिडकीची चौकट तू वाकडी बसवलीस, ती मी विसरले नाही. तो खालून, "वाकडी नाही अक्का," म्हणाला. "ओळंबा लावून दाखव, मग मानते. ये." दवाखान्यात तिनं असंच कित्येकांना रात्रभर जागं ठेवलं असणार. मध्येच फरशीचा लोंबकळणारा तुकडा सुटला आणि आत पडला. पाण्याचा मोठा आवाज झाला. खालून काही ऐकू येईना. ती थांबली नाही. त्याच सुरात, चौकटीबद्दलच बोलत राहिली, जणू तो ऐकतोच आहे.

मग इराप्पा म्हणाला, "लागला दगड."

दोरवाली माणसं आली तेव्हा शेठ त्या दगडावर टेकलेले होते आणि इराप्पा त्यांना छातीनं भिंतीशी दाबून उभा होता. त्यांच्या म्होरक्यानं सुनंदाला बाजूला व्हायला सांगितलं. ती फळीवरून सरकली, पण बोलणं थांबवलं नाही. इराप्पानं दोर आधी शेठना बांधायला लावला. शेठ वर आले, मग तो आला. तो मातीवर आडवा झाला आणि त्यानं डोळे उघडले, तेव्हा ती गप्प झाली. तिला उठता येत नव्हतं. मी आणि आवाज ऐकून धावत आलेल्या बसव्वाच्या मुलानं तिला धरून उठवलं.

शांतिलालशेठ बरेच दिवस दवाखान्यात होते. इराप्पाचा खांदा अजून नीट वर जात नाही. दोघेही जिवंत आहेत.